हर्बल हुक्का : पाणी काय गाळतं, निखारा काय देतो

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आम्ही कोल्हापूरला राहतो. मित्राने टाकलेल्या एका फोटोत त्याच्या हातात हुक्क्याचा पाइप दिसला. विचारल्यावर त्याने लपवलं नाही. म्हणाला, आठवड्यातून एकदाच जातो, सिगारेट ओढत नाही, हुक्का हर्बल असतो, त्यात निकोटीन नसतं आणि धूर पाण्यातून गाळून येतो. लहानपणी त्याला बालदमा होता, अजूनही थंडीत पंप लागतो. त्याच्या बाबांनी ‘सामान बांध आणि घरी ये’ असा धोशा लावलाय. धाकटी १६ वर्षांची आहे, ती म्हणते, सगळेच जातात, त्यात काय एवढं! खरोखर धोका किती? तपासण्या कराव्यात का? आणि त्याला परत बोलवावं का?

उत्तर :

ताई, मी पुण्यात छातीविकारतज्ज्ञ आहे. तुमच्या मुलाने सांगितलेली चारही वाक्यं माझ्या ओपीडीत जवळपास याच क्रमाने येतात. पहिली गोष्ट, तो तुमच्याशी खोटं बोललेला नाही. त्याला जे सांगितलं गेलं तेच त्याने तुम्हाला सांगितलं. ‘आठवड्यातून एकदा’ आणि ‘सिगारेट ओढत नाही’ ही दोन वाक्यं खरी धरून चालू. राहिली दोन : पाणी आणि हर्बल. त्यांचा नीट हिशेब मांडायला हवा, कारण त्यांच्याच भरवशावर ही पोरं निर्धास्त बसलेली असतात.

आधी यंत्र समजून घ्या. सर्वांत वर चिलीम. तीत फ्लेवरचा, म्हणजे गोड वासाच्या तंबाखूचा किंवा तिच्याऐवजी भरलेल्या मिश्रणाचा, ओलसर, चिकट गोळा. त्यावर भोकं पाडलेली ॲल्युमिनियमची फॉइल आणि फॉइलवर पेटलेले कोळसे. चिलमीखाली उभी नळी, तिचं टोक काचेच्या भांड्यातल्या पाण्यात बुडालेलं. पाण्याच्या वरच्या रिकाम्या जागेतून पाइप निघतो तो ओढणाऱ्याच्या तोंडापर्यंत. झुरका मारला की भांड्यातल्या हवेचा दाब कमी होतो आणि वरची हवा निखाऱ्यावरून तापून फ्लेवरमधून खाली खेचली जाते. तो धूर बुडबुड्यांनी पाण्यातून वर येतो आणि पाइपमधून छातीत जातो. आपल्याकडे याला गुडगुडी म्हणतात ते याच बुडबुड्यांच्या आवाजावरून.

आता बुडबुड्याकडे पाहा. तो पाण्यात असतो क्षणभर. त्यातला जो धूर बुडबुड्याच्या कडेला पाण्याला लागतो, त्यातलाच थोडा भाग विरघळतो. आतला बहुतेक धूर पाण्याला न शिवताच वर येतो. कार्बन मोनॉक्साइड हा वायू तर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. अतिसूक्ष्म कणही आरामात पार होतात. थोडं निकोटीन आणि पाण्यात विरघळणारी काही रसायनं अडकतात, हे खरं. तासाभराने पाणी पिवळसर होतं आणि मुलं ते अभिमानाने दाखवतात : बघा, सगळी घाण इथेच राहिली. जी राहिली ती दिसते. जी आत गेली ती दाखवायला आपल्याकडे काचेची छाती नाही.

पाणी एक काम मात्र चोख करतं. ते धूर थंड आणि ओलसर करतं. सिगारेटचा पहिला झुरका घेतला की नवख्याला ठसका लागतो, घसा जळतो. शरीर नको म्हणत असतं. हुक्क्यात तो नकार येतच नाही. धूर मऊ लागतो, वर ब्ल्यूबेरीचा नाहीतर पानाचा वास, त्यामुळे पहिल्याच दिवशी खोल, लांब झुरका घेता येतो. पाण्याने विष कमी केलेलं नसतं, विषाचा कडवटपणा काढलेला असतो. माझ्या मते हा सौदा फसवा आहे.

‘पाण्याने धूर शुद्ध होतो’ ही समजूत काही कॉलेजच्या पोरांनी शोधलेली नाही. अकबराच्या दरबारातला असदबेग विजापूरला आदिलशाहीकडे वकिलातीवर गेला होता. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला परतताना त्याने तंबाखू आणि नक्षीदार चिलीम आणून बादशहापुढे ठेवली. म्हणजे तंबाखू मुघल दरबारात पोचली ती आपल्या दख्खनमधून. ही नवी वस्तू ओढावी की नाही, यावर तिथल्या हकिमांमध्ये वाद झाल्याचं खुद्द असदबेगाने लिहून ठेवलंय. धूर पाण्यातून नेला तर निरुपद्रवी होईल ही कल्पना दरबारचा वैद्य हकीम अबुल फतह गिलानी याच्या नावावर सांगितली जाते. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी एका वैद्याच्या तोंडी घातलेला तर्क आज कॅफेतला वेटर ऐकवतो. त्या काळी कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू कुणाला ठाऊक नव्हता. आज ठाऊक आहे.

आता आकडे. तुम्ही व्हॉट्सॲपवर वाचलंच असेल : ‘एक हुक्का म्हणजे शंभर सिगारेटी.’ कृपा करून हे वाक्य मुलाला ऐकवू नका. ते साफ खोटं आहे असं नाही, पण अर्धवट आहे. तुमचा मुलगा दोन मिनिटांत मोबाईलवर उलटतपासणी करेल आणि तुमची पुढची सगळी खरी वाक्यंही त्याच टोपलीत टाकेल.

त्या वाक्याचं मूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ सालच्या टिपणात आहे. सिगारेट ओढायला पाच-सात मिनिटं लागतात, आठ ते बारा झुरके होतात, छातीत जाणारा धूर साधारण अर्धा लिटर. हुक्क्याची बैठक २० ते ८० मिनिटांची, झुरके ५० ते २००, आणि एका झुरक्यात धूर ०.१५ लिटरपासून थेट एक लिटरपर्यंत. गुणाकार केला की धुराचं आकारमान शंभर किंवा त्याहून जास्त सिगारेटींइतकं भरू शकतं. आकारमान! शंभर सिगारेटींचं निकोटीन किंवा शंभर सिगारेटींचा कर्करोग नव्हे. हुक्क्याचा धूर पातळ असतो, फ्लेवर सिगारेटच्या टोकाइतका तापत नाही, त्यामुळे प्रत्येक घटकाचं प्रमाण वेगळं पडतं.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये जो हिशेब मांडला तो मला जास्त कामाचा वाटतो. एका सिगारेटच्या तुलनेत हुक्क्याच्या एका बैठकीत धूर सुमारे १२५ पट, टार (धुरातला काळा, चिकट अंश) २५ पट, कार्बन मोनॉक्साइड १० पट आणि निकोटीन अडीच पट. यातही एक मेख आहे : सिगारेट ओढणारा दिवसाला दहा-वीस ओढतो, हुक्केवाला आठवड्याला एकदा बसतो. म्हणून ‘हुक्का की सिगारेट, वाईट काय’ या वादात मी पडत नाही. एका संध्याकाळी फुप्फुसात काय गेलं, एवढंच बघतो. ते भरपूर असतं.

आता ज्याच्याविषयी कुणीच विचारत नाही ते : कोळसा. मुलं फ्लेवर निवडायला दहा मिनिटं घेतात, पालक तंबाखू होती की नव्हती यावर भांडतात. पण त्या टेबलावर सर्वांत घातक वस्तू फॉइलवर लाल होऊन बसलेली असते आणि तिचं नाव मेनूकार्डात नसतं.

कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो, शिवाय बेन्झीन आणि कर्करोगाला कारण ठरणारी बहुचक्री हायड्रोकार्बन्स. लेबनॉनमधल्या बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात हुक्क्याच्या धुरावर वर्षानुवर्षं काम झालंय. तिथल्या २००८ सालच्या प्रयोगात तीच चिलीम एकदा कोळशावर आणि एकदा विजेच्या कॉइलवर तापवून धूर तपासला. धुरातला सुमारे ९० टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि त्या हायड्रोकार्बन्सचा बहुतांश भाग कोळशातून आला होता, तंबाखूतून नाही. सिगारेटला निखारा तिच्याच तंबाखूचा असतो. हुक्क्यात बाहेरून आणलेलं आणखी एक इंधन जळत असतं आणि त्याचा धूर थेट छातीत ओढला जातो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये हे आपल्या आज्ज्यांना ठाऊक होतं. इथे त्याच शेगडीला नळी लावून तोंडात धरलेली असते.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहायचं सोडून त्यालाच घेऊन फिरतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात २००९ साली झालेल्या एका अभ्यासात त्याच माणसांना एकदा सिगारेट आणि एकदा ४५ मिनिटं हुक्का दिला. सिगारेटनंतर असं अडकलेलं हिमोग्लोबिन १.३ टक्के होतं, हुक्क्यानंतर ३.९. निकोटीनची पातळी दोन्हींत सारखीच. आणि ओढलेला धूर? सिगारेटचा एक लिटर, हुक्क्याचा ४८.६ लिटर.

३.९ टक्क्यांनी धडधाकट पोराला काही होत नाही. पण ते झाले प्रयोगशाळेतले ४५ मिनिटांचे आकडे. शनिवारी रात्री एसी लावलेल्या, काचा बंद असलेल्या हॉलमध्ये दहा टेबलांवर दहा हुक्के पेटलेले, कोळसे तीनदा बदललेले आणि बैठक तीन तासांची असली की आकडे वेगळे येतात. अशीच एक कॉलेजची मुलगी आमच्याकडे कॅज्युअल्टीत आणली होती (ओळख पटेल असे तपशील बदललेत). डोकं ठणकत होतं, दोन उलट्या झालेल्या, वॉशरूमकडे जाताना कोसळली. मैत्रिणी आधी सांगायला तयार नव्हत्या, ‘काहीतरी बाधलं’ एवढंच. बोटाला ऑक्सिमीटर लावला : ९९. एक मैत्रीण म्हणालीसुद्धा, ‘सर, ऑक्सिजन तर मस्त आहे.’ नेमकी इथेच फसगत होते. साध्या पल्स ऑक्सिमीटरला ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड घेतलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही. दोन्ही त्याला लालच दिसतात. रक्तवायूंची तपासणी केली तेव्हा कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं हिमोग्लोबिन वीस टक्क्यांच्या घरात निघालं. मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला आणि काही तासांत ती बरी झाली. साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात, शंभर टक्के ऑक्सिजनवर तासा-दीड तासात काम होतं.

मुलं ज्याला ‘हेडरश’ म्हणतात, ते झुरका मारल्यावर डोकं हलकं होणं, भिरभिरणं, त्यात निकोटीनचा वाटा असतोच. पण ‘हर्बल’ हुक्क्यातही डोकं भिरभिरत असेल तर ती मेंदूला ऑक्सिजन कमी पडल्याची खूण असू शकते. हे मी कॉलेजमध्ये बोलायला जातो तेव्हा आवर्जून सांगतो. तेवढ्या एका वाक्यावर हॉल गप्प होतो. कर्करोगाच्या स्लाइडवर कुणी गप्प होत नाही, कारण कर्करोग पन्नाशीत होतो आणि पन्नाशी येतच नाही असं त्या वयात वाटतं.

कोळसा म्हटलं की आणखी एक माणूस आठवतो. मागे, किचनशेजारच्या कोंदट जागेत कोळसे फुलवणारा पोरगा. तो गिऱ्हाइकापेक्षा वयाने फार मोठा नसतो. फुंकणीने किंवा हेअर ड्रायरने निखारे फुलवत रोज आठ-दहा तास तिथे उभा असतो. झुरका एकही मारत नाही. तुमचा मुलगा आठवड्यातून एकदा जातो, हा रोज जातो.

आता ‘हर्बल’. इथवर वाचलं असेल तर उत्तर तुमच्या लक्षात आलंच असेल. चिलमीत तंबाखूऐवजी उसाची मळी, ग्लिसरीन, फळांचे अर्क आणि रंग घातले तरी वर कोळसा तोच आहे. तंबाखू आणि बिनतंबाखू हुक्क्यांच्या धुराची तुलना करणाऱ्या अभ्यासांत निकोटीन सोडलं तर बाकी विषारी घटक, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, टार, अल्डिहाइड्स, कमीअधिक सारखेच सापडले. ग्लिसरीन आणि साखर तापली की ॲक्रोलिन, फॉर्मल्डिहाइड यांसारखी श्वासनलिका जाळणारी रसायनं तयार होतात, आणि ती ‘वनस्पतिजन्य’ साखरेपासूनही होतात. तेव्हा हर्बल हुक्का निकोटीनची सवय कदाचित लावणार नाही, एवढंच श्रेय त्याला देता येईल. तेही डब्यात खरोखर तंबाखू नसेल तर! समोर आलेल्या चिलमीत काय भरलंय हे टेबलावर बसलेल्याला कळायचा मार्ग नसतो.

डब्यावरच्या ‘टार ०%’ या शिक्क्याची गंमत वेगळीच. तो शिक्का खराच असतो. टार तंबाखूच्या पानात नसतो, डब्यातही नसतो. तो जळल्यावर तयार होतो. न पेटवलेल्या लाकडावर ‘धूर ०%’ लिहिण्यातला हा प्रकार.

ही गोड, चिकट, फळांच्या वासाची तंबाखू, अरबीत जिला मुअस्सल म्हणतात, तिचा बाजार १९९०च्या दशकात इजिप्तमधून पसरला. त्याआधीचा हुक्का म्हणजे अरबस्तानात काय आणि आपल्याकडे काय, पारावर किंवा ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांचा. कडक तंबाखू, खोकला आणि गप्पा. फळांच्या वासाने तो एका पिढीत विशीच्या पोरांचा झाला, आणि मुलींचाही. तुमची धाकटी ‘सगळेच जातात’ म्हणते त्यामागे हे आहे. तसं पाहिलं तर सगळे जात नाहीत. जे जातात ते फोटो टाकतात, घरी बसलेले टाकत नाहीत.

तुमच्या मुलाचा दमा. माझ्या दृष्टीने या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे आणि ती तुम्ही जाता जाता लिहिलीत. ज्याच्या श्वासनलिका आधीच चिडचिड्या आहेत, त्याच्यासाठी ‘आठवड्यातून एकदाच’ ही सूट लागू होत नाही. दम्याचा झटका यायला वर्षांचा साठा लागत नाही, एक रात्र पुरते. आणि धूर थंड, गोड असल्याने त्याला त्या वेळी त्रास होणार नाही. होईल तो त्याच रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी : छातीत शिट्टी, पहाटेचा खोकला, जिने चढताना धाप. तो म्हणेल, हवा बदलली. धुरात राहणाऱ्या दमेकऱ्यांना स्टेरॉइडचे पंप नीट लागू पडत नाहीत, हाही आमचा नेहमीचा अनुभव. त्याला एक प्रश्न विचारा : गेल्या महिन्यात निळा (धाप लागल्यावर घ्यायचा) पंप किती वेळा घेतलास, आणि त्यातला किती रविवारी? उत्तर त्याचं त्यालाच कळेल.

दूरच्या धोक्यांबद्दल जेवढं पक्कं आहे तेवढंच सांगतो. २०१० मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात हुक्का ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाची शक्यता न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट दिसली. श्वसनाचे आजार आणि हिरड्यांचे विकारही जास्त, आणि ओढणाऱ्या गर्भवतींची बाळं कमी वजनाची असण्याचं प्रमाणही दुपटीच्या आसपास. हे अभ्यास बहुतांश वर्षानुवर्षं नियमित ओढणाऱ्यांचे आहेत, वर्षभर शनिवारी कॅफेत जाणाऱ्या मुलांचे नाहीत. त्यामुळे ‘तुला कॅन्सर होणार’ असं त्याला सांगू नका. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब मात्र पहिल्या बैठकीपासूनच वाढतात, त्याला वर्षं लागत नाहीत.

एकच पाइप पाच जणांत फिरणं हा विषय आपल्या देशात हसण्यावारी नेऊ नये. प्रत्येकाला प्लास्टिकची वेगळी टोपी मिळते, पण आतली नळी आणि पाणी तेच, आणि ते रात्रीतून कितीदा धुतात हे मी न बोललेलं बरं. ऑस्ट्रेलियात गांजा ओढायची पाण्याची नळी वाटून घेणाऱ्या तरुणांच्या गटात क्षयाचे रुग्ण एकापाठोपाठ सापडले, त्याची नोंद २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. नळीतून गेला की बंद खोलीतल्या खोकल्यातून, हे वेगळं काढणं अवघड आहे. पण कॅफेत दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर असतात, आणि आपल्याकडे क्षयरोग ऑस्ट्रेलियापेक्षा कितीतरी जास्त आहे.

सवय लागते का? तंबाखूचा हुक्का असेल तर हो. त्या व्हर्जिनियाच्या अभ्यासात निकोटीन सिगारेटइतकंच चढलं होतं, हे विसरू नका. विशीपर्यंत, किंबहुना पंचविशीपर्यंत, मेंदूची घडण चालू असते आणि त्या वयात निकोटीनची गाठ घट्ट बसते. अमेरिकेतल्या २०१५ सालच्या एका अभ्यासात, ज्या किशोरांनी आणि तरुणांनी कधी सिगारेट ओढली नव्हती पण हुक्का ओढला होता, त्यांनी पुढच्या काळात सिगारेट सुरू करण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसलं. सवयीच्या खुणा साध्या असतात : शनिवारचा बुधवारही होणं, ग्रुप नसला तरी एकट्याने जाणं, रूमवर स्वतःचा पॉट, म्हणजे हुक्का, विकत आणणं. माझ्या अनुभवात तिसरी खूण दिसली की पहिल्या दोन होऊन गेलेल्या असतात. तेव्हा पॉट कुणाचा आहे, एवढं नक्की विचारा.

कायद्याचं थोडक्यात. २९ डिसेंबर २०१७ ला लोअर परळच्या कमला मिल्समध्ये आग लागून १४ जणांचा जीव गेला. चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांच्या ठिणग्यांकडे बोट दाखवलं गेलं. पुन्हा कोळसाच. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने तंबाखूविषयक केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. चालवणाऱ्याला एक ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते एक लाख रुपये दंड. पण या कायद्यातली व्याख्या तंबाखूच्या हुक्क्याची. म्हणून रातोरात सगळ्या पाट्यांवर ‘हर्बल’ उगवलं. तुमच्या मुलाच्या तोंडी असलेला तो शब्द आरोग्याच्या काळजीतून आलेला नाही, तो वकिलाच्या सल्ल्यातून आलाय! २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उपाहारगृहाच्या परवान्यात हुक्का देण्याची परवानगी आपोआप येत नाही, हर्बल असला तरी, असं स्पष्ट केलं. ‘ई-हुक्का’ तर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने विकायलाच बंदी आहे. आणि धाकटीसाठी हे लक्षात ठेवा : १८ वर्षांखालच्या मुलांना तंबाखूचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तिला जो कॅफे आत घेतो तो हा धोका पत्करून घेतो. म्हणजे त्याच्याकडे बाकी नियमांची काय पत्रास असेल, याचा अंदाज करा.

तपासण्या. छातीचा सीटी स्कॅन करू नका. एक्स-रेही बहुतेक नॉर्मल येईल आणि नॉर्मल रिपोर्टचा उपयोग तो तुमच्याविरुद्धच करेल : ‘बघ आई, काही नाही.’ दमा आहे म्हणून फुंकायची तपासणी, स्पायरोमेट्री, मात्र कराच, आणि ती पंप घेण्याआधी व घेतल्यानंतर अशी दोन्ही वेळा. सोय असेल तिथे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं छोटं यंत्र असतं. तंबाखूमुक्ती केंद्रांत बहुतेक मिळतं. श्वास रोखून हळूहळू फुंकायचं, आकडा लगेच समोर. न ओढणाऱ्याचा सहसा एकेरी असतो. हुक्क्याहून आलेल्याचा कित्येक पटींनी जास्त येतो, तोही ‘हर्बल’ घेऊन. या यंत्राने मी जेवढी मुलं वळलेली पाहिलीत तेवढी माझ्या बोलण्याने वळलेली नाहीत. आकडा त्यांचा स्वतःचा असतो, दोन दिवसांनी पुन्हा फुंकलं की खाली आलेला दिसतो, आणि त्यावर वाद घालता येत नाही.

आठवड्यातून एकदा ओढणाऱ्याला निकोटीनच्या गोळ्या, च्युइंग गम असलं काही लागत नाही. लागतो तो शनिवार संध्याकाळचा दुसरा कार्यक्रम. हे मी गमतीने म्हणत नाही. त्या टेबलावर तो धुरासाठी जात नाही, चार मित्र तिथे असतात म्हणून जातो. दीडशे-दोनशे रुपये काढून तीन तास बसू देणाऱ्या आणि कुणी उठवत नाही अशा जागा मुलांना आपल्या शहरांत फार थोड्या आहेत. त्याच्याशी बोलताना हे मान्य करून बोला. ‘जाऊ नकोस’पेक्षा ‘गेलास तरी पाइप हातात घेऊ नकोस, दम्याचं कारण सांग’ हे त्याला ग्रुपमध्ये सांगता येण्यासारखं आहे. अर्थात त्या खोलीत नुसतं बसणंही दमेकऱ्याला बाधतं, हे त्याला ठाऊक असू द्या. पण एका पायरीनंतर दुसरी.

सवय लागल्याची शंका आली तर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. फोन त्याने स्वतः करायला हवा, तुम्ही करून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट त्याला आणि धाकटीलाही पाठ करायला लावा. हुक्क्याच्या खोलीत कुणाचं डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, झापड आली किंवा कुणी कोसळलं, तर लिंबूपाणी पाजत बसायचं नाही. आधी मोकळ्या हवेत आणायचं, मग थेट हॉस्पिटल. तिथे डॉक्टरला पहिलं वाक्य सांगायचं : ‘आम्ही हुक्का ओढत होतो, कोळशावरचा.’ लाजून हे लपवलं तर ऑक्सिमीटर ९९ दाखवतो आणि ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जाण्याची भीती असते.

राहिला बाबांचा प्रश्न. नका बोलवू त्याला परत. विचारल्यावर ज्याने पहिल्या फटक्यात खरं सांगितलं, त्याला त्याबद्दल कॉलेज सोडायला लावलं तर पुढच्या वेळी तो खरं सांगणार नाही, आणि धाकटी तर आत्तापासूनच सांगणार नाही. शिवाय कोल्हापुरात कॅफे नाहीत असं थोडंच आहे! बाबांना पुण्याला यायचंच असेल तर सामान बांधायला नको, त्याच्याबरोबर स्पायरोमेट्रीला या. यंत्रात बाबांनीही फुंकावं, ते बिडी-सिगारेट ओढत असतील तर आधी त्यांनीच.